आणि पार्टी

मे महिना, भुसावळ, पारा पंचेचाळीसवर
आणि मी पंखा बंद करून बसलोय.
कोकिळा दारातून विचारते, येडा व्हयना का तू?
पण वाऱ्यानं हलतो हा हात.
आधी मागचं वजन फिरवून त्याला तरंगता ठेवायचा,
ना वर, ना खाली,
मग दात न लावता बोट धरावं तितकाच भार सुईवर द्यायचा.

बत्तीस वर्षं यार्डात सिग्नल सांभाळले.
रूळ आणि पॉइंटच्या फटीत पाच मिलिमीटरची पट्टी घालायची;
पट्टी असतानाही लॉक पडलं, तर गाडी सोडायची नाही.
वाटलं होतं, बारीक काम आपल्याला कळतं.

चार तारा : पांढरी, तांबडी, हिरवी, निळी.
चार पिना, मुंगीच्या पायाएवढ्या.
चिमटा कोकिळाचा, भुवयांचा, न विचारता घेतलेला.
पोलादी पेचकस जवळ नेला तर आतलं चुंबक ओढून घेतं,
म्हणून स्क्रू पितळी,
अर्धेच आवळलेले.

दुसाने सोनाराकडून काटा आणला.
किती वजन करायचंय, काका?
एक पॉइंट आठ ग्रॅम.
हसला. एवढ्यात चार मुरण्या होतात, म्हणाला,
आणि काट्यासोबत चहाही पाजला.

आता कागदावरचे दोन बिंदू.
तबकडी कापणारी सुई सरळ रेषेत गेली होती,
माझा हात कमानीत जातो.
सबंध वाटेत दोनच जागा अशा
जिथं सुई अगदी खरी उभी राहते.
बाकी सगळीकडे थोडं थोडं चुकायचं,
चूक वाटून घ्यायची.
पहिला बिंदू जमला की दुसरा बिघडतो.
केसभर पुढं. पुन्हा पहिला.
घाम भिंगावर पडतो.

तेवढ्यात दीपनगरचा कोळसा निघाला.
फडताळातले पेले वाजले, सुई बिंदूवरून घसरली.
हात मांडीवर ठेवून थांबलो.
डबे मोजायची सवय जात नाही.
अठ्ठावन्न.

तबकडी कानबाईच्या गाण्यांची.
लेबलवर छापलंय : यशोदाबाई बोरसे आणि पार्टी.
पार्टीत चौघी. त्यांतली एक माझी आई.
जिनिंगमधून दोन दिवस रजा काढून गेली होती,
जाण्यायेण्याचं भाडं, वर बारा रुपये,
आणि ही एक तबकडी, जी वाजवायला
घरात काहीच नव्हतं.
पापडाच्या डब्यात राहिली ती, कितीतरी वर्षं.
आई गेल्यावर डबा मला आला.

जुन्या सुईनं शेवटच्या गाण्यातलं प्रत्येक ‘शे’ फाटायचं,
तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं.
आमच्याकडे ‘आहे’ला ‘शे’ म्हणतात.
घर शे. पाणी शे. माय घरमा शे.
नेमका तोच शब्द फाटायचा,
तोही आतल्या टोकाला, जिथं वाट अरुंद होत जाते.

स्क्रू आवळले. पुन्हा वजन पाहिलं.
दुसानेच्या काट्यावर एक पॉइंट आठ, एक पॉइंट सात, एक पॉइंट आठ.
सुई सोडली.

यशोदाबाईंचा आवाज मध्ये, पुढे, ठसठशीत.
मग चौघी.
शे.
स्वच्छ. धुतलेल्या पितळेसारखं.
पुन्हा, शे.
चौघींचं एकदम पडतं.
नाही, एकीचं किंचित मागून येतं,
आधी श्वास, मग शब्द.
कापसाची धूळ छातीत बसलेल्या बाईला
ओळ संपवताना लागेल, तितका उशीर.

कोकिळा चौकटीला टेकून उभी. पदरानं मान पुसत.
मांगे ऱ्हायनी ती, तीच तुन्ही माय ना?

मी हात उचलतो,
अंदाजानं मागं नेतो.
त्या जागेची खूण कुठल्याच कागदावर नाही.
पंखा अजून बंदच आहे.
तिनंही लावलेला नाही.